काडतूस घरी भरायचं खूळ वेळीच थांबवा

विषय जरा वेगळा आहे, पण घरात तरणी पोरं असतील तर शेवटपर्यंत वाचा.

मी फौजेतून रिटायर झालेला माणूस. परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. परवा भाचा आला, रांजणगाव एमआयडीसीत मशीनवर असतो. मोबाईलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवून म्हणाला, "मामा, रिकाम्या पुंगळ्या टाकू नका. ही क्रिंपिंग डाय मी लेथवर काढून देतो. काडतुसं घरीच भरू."

पोरगं हुशार आहे, म्हणूनच काळजी वाटली.

क्रिंप म्हणजे पुंगळीचं तोंड शिशाच्या गोळीवर दाबून बसवणं. दिसायला सोपं. पण पकड सैल राहिली तर गोळी जागेवरून सरकते. आत सरकली तर दारूला जागा कमी पडते आणि दाब एकदम वाढतो. पुढे सरकली तर रिव्हॉल्व्हरचं चक्र अडकतं. जास्त दाबलं तर पुंगळी फुगते, घरात बसत नाही. वेगवेगळ्या लांबीच्या पुंगळ्या एकाच डायमध्ये घातल्या की प्रत्येकीचा क्रिंप वेगळा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात १८६९ पासून हेच काम चालतं, तेही तपासणीसकट. आपण ते गोठ्याशेजारच्या खोलीत करणार? चूक झाली तर ती हातात आणि डोळ्यांसमोर फुटणार.

आणि कायदा? १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री येते. म्हणजे एक गोळी न भरताही ती डाय अंगाशी येऊ शकते. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. गावठी कट्टेवाल्याला जे कलम, तेच छंद म्हणून करणाऱ्याला. पोराची नोकरी, लग्न, सगळं गेलं.

काही जण म्हणतील, बिबट्याचं काय? २०२५ मध्ये पिंपरखेडला लेकरं गेली, लोकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. ती भीती खोटी नाही. पण बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, आणि रात्री उसात रिव्हॉल्व्हर झाडलं तर गोळी शेजारच्या दारं धरणाऱ्यालाच लागायची. त्यावर उपाय दिवसा थ्री-फेज लाईट आणि वेळेत पिंजरा, घरचं काडतूस नव्हे.

आता प्रशासनालाही दोन शब्द. पोरांना हे सुचतं कारण सरळ वाट खडतर आहे. मला २५ काडतुसांसाठी तीन हेलपाटे पडले. कधी नोंद राहिली, कधी दुकानात माल नाही. बँकेवर बारा बोअर घेऊन उभे राहणारे आपले माजी सैनिक जुनीच काडतुसं वर्षानुवर्षं पट्ट्यात बाळगतात. प्रसंग आला तर ती उडतील का, कुणी सांगावं?

म्हणून मागणी साधी आहे. शिरूर आणि दौंड तहसीलला वर्षातून एकदा परवानाधारकांचं शिबिर घ्या. शस्त्राची तपासणी, नोंदी, जुनी काडतुसं जमा करणं, सगळं एका दिवसात. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, त्यांच्या देखरेखीखाली एक सराव ठेवा.

आणि पोरांनो, नेमबाजीची हौस असेल तर बालेवाडीला रेंज आहे. एअर पिस्तूल छर्ऱ्यावर चालतं, काडतूस लागतच नाही. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं, तेही सरळ मार्गानं.

भाच्याला एवढंच म्हणालो, "डाय कर, पण कारखान्याच्या ऑर्डरची." हसला, पण व्हिडिओ डिलीट केला.

तुमच्या घरी असा व्हिडिओ कुणी बघतंय का, आज विचारा. पटलं तर पुढं पाठवा.