निजलेले पासबुक



रविवारी आमच्या घरी मोड आलेल्या मटकीची उसळ असते. मागच्या रविवारी जेवता जेवता आमच्या दाताखाली कटकन खडा आला. आम्ही रागानेच पत्नीकडे पाहिले. तिने तो ‘खडा’ आमच्या ताटातून उचलला आणि म्हणाली, "मटकी नीट निवडली होती मी. हा खडा नाही, गणंग आहे."

गणंग म्हणजे कितीही भिजवा, कितीही शिजवा, टणकच राहणारा दाणा. आमचा समज असा होता की हा दाणा मेलेला असतो. तसे नाही. त्याचे टरफल इतके घट्ट असते की पाणी आत शिरतच नाही. तेच टरफल सुरीने जरा खरवडून दाणा भिजत घातला, तर त्यालाही मोड येतो. तो मेलेला नसतो, निजलेला असतो. बाभळीच्या बीचेही असेच आहे. शेळ्या शेंगा खातात, बी पोटातून फिरून लेंडीवाटे बाहेर पडते, टरफल मऊ झालेले असते आणि मग पावसात ते रुजते. आपल्यापैकी ज्यांनी शेळ्या राखल्या आहेत त्यांना हे आम्ही सांगायला नको.

ही झोप पिकाला उपयोगाची असते. उपट्या भुईमुगाच्या दाण्याला झोप जवळजवळ नाही. काढणीच्या वेळी पाऊस लागला की शेंगेतल्या शेंगेत दाण्याला मोड येतात आणि शेतकऱ्याचे नुकसान होते. पसऱ्या भुईमुगाचा दाणा काही आठवडे झोपून राहतो, म्हणून तो वाचतो. नवा बटाटाही काढल्याबरोबर कोंब धरत नाही. ही झोप किती लांबू शकते? अमेरिकेत मिशिगन येथे बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली बाटल्यांत बिया भरून जमिनीत पुरून ठेवल्या. त्यांपैकी एक बाटली २०२१ साली उकरली, तर त्यातल्या काही बिया १४१ वर्षांनीही उगवल्या. चीनमध्ये एका आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेले सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे कमळाचे बीही रुजले आहे. तेराशे वर्षे! आमच्या कचेरीतल्या काही फायलींची आठवण झाली, पण ते असो.

बी झोपते तसा रोगही झोपतो. हे मात्र आम्ही घरातच पाहिले आहे.

आम्ही शाळेत असताना आमच्या आजीच्या कमरेला नागीण झाली. आग आग होई, रात्रभर ती कण्हत असे. शेजारच्या बायका म्हणाल्या, नागिणीचे तोंड आणि शेपूट एक झाले की माणूस वाचत नाही. कोणी गेरू लावायला सांगितला, कोणी मंत्र टाकणारा बोलावला. त्याने पैसे आणि नारळ नेला. फोड वाळले, पण आजीच्या कमरेतली कळ कित्येक महिने गेली नाही. आज आम्हाला ठाऊक आहे की त्यात साप नव्हता, कोप नव्हता आणि कोणाची करणीही नव्हती. लहानपणी ज्या कांजिण्या येतात त्यांचा विषाणू अंगातून पुरता जात नाही. तो मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत निजून राहतो. चाळीस-पन्नास वर्षे राहतो. वय झाले, शरीराची ताकद घटली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून फोडही सहसा एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठतात. तोंड-शेपूट जुळण्याची भीती तिथेच संपते. नागिणीवर औषध आहे, आणि फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू केले तर जास्त गुण येतो. मंत्र टाकणाऱ्याच्या दारात बसून आजीचे नेमके तेच तास गेले असणार. ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत, विशेषतः गरोदर बाईला, नागिणीच्या फोडातल्या पाण्यापासून लांब ठेवावे. त्यांना त्यातून कांजिण्या होऊ शकतात.

दुसरा रोग क्षयाचा. आमचे चुलते १९८४ साली क्षयाने आजारी पडले. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सात माणसे. चुलते बरे झाले. आमचे वडील तर त्या वेळी धडधाकट होते, गिरणीत तिन्ही पाळ्या करीत. पुढे गिरणी बंद पडली, ते वॉचमन झाले. मग साखरेचा आजार जडला आणि २०१० साली त्यांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. ते जंतू १९८४ चेच, की नंतर कोठून पुन्हा शिरलेले, हे छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकत नाही. पण एवढे नक्की की रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधून काढलेला हा जंतू शरीरात शिरला तरी बहुतेकांना आजारी पाडत नाही. शरीराचे पहारेकरी त्याच्याभोवती भिंत उभारतात आणि तो आत निजतो. अशा शंभर माणसांतली पाच ते दहा माणसे आयुष्यात कधीतरी आजारी पडतात, त्यातली बरीचशी पहिल्या दोन वर्षांत. निजलेला जंतू दुसऱ्याला लागत नाही. साखर, एचआयव्ही, तंबाखूचा धूर, दगडाच्या खाणीतली धूळ आणि सगळ्यांत मोठे म्हणजे पोटाची उपासमार, ही त्याला उठवणारी माणसे.

झारखंडात एक मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. क्षयरोग्यांच्या घरातल्या माणसांना दरमहा धान्य, डाळ असा शिधा दिला. ज्या घरांना हा जादा शिधा मिळाला, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. औषध नव्हे, डाळ-तांदूळ! घरात कोणाला क्षय निघाला तर बाकीच्यांनीही सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे. आजार नाही अशी खात्री झाल्यावर निजलेल्या जंतूवरची प्रतिबंधक गोळी तिथे फुकट मिळते. रोग्याला औषधे चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा ५०० रुपये २०१८ पासून मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. हे पैसे बँक खात्यात येतात. खाते झोपलेले असेल तर तिथेच घोटाळा होतो.

आणि आता खात्याचेच सांगावयाचे आहे. खरे तर आजचा लेख त्यासाठीच.

वडील २०११ च्या नोव्हेंबरात गेले. आम्ही बी. कॉम., कचेरीत कारकून, वस्तीत लोकांचे फॉर्म भरून देणारे. पण वडिलांची पत्र्याची ट्रंक आम्ही अकरा वर्षे उघडली नाही. २०२२ साली घराची गळती काढताना आईने ती उघडली. आत गिरणीचा बिल्ला, एक चष्मा आणि एक पासबुक. दर महिन्याच्या सात तारखेच्या मागेपुढे दोनशे, कधी तीनशे रुपये भरलेले. शेवटची नोंद मार्च २०१० ची. शिल्लक ११,६४० रुपये.

आई बराच वेळ ते पासबुक हातात धरून बसली. २०१० मध्ये वडिलांची नोकरी गेली तेव्हा घर चालवायला आम्ही दहा हजार रुपये महिना पाच टक्क्यांनी उचलले होते. ते फेडायला तीन वर्षे लागली, त्यात आईच्या कानातले गेले. आणि तेवढेच पैसे याच गल्लीच्या टोकाला बँकेत निजून होते. वडील विसरले, की आजारात त्यांना भान राहिले नाही, की कशासाठी तरी मुद्दाम राखून ठेवले होते, कोण सांगणार?

आम्ही बँकेत गेलो. काउंटरवरच्या माणसाने पासबुक उलटेपालटे केले आणि म्हणाला, "हे पैसे रिझर्व्ह बँकेकडे गेले. आता काही मिळायचे नाही." आम्ही खाली मान घालून परत आलो. दुसऱ्यांना कायदा सांगणारे आम्ही, स्वतःच्या बापाच्या पैशाला निमूटपणे पाठ दाखवून आलो. याची लाज अजून वाटते.

पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळ सुरू केल्याचे वाचले, आणि आम्ही नियम शोधून वाचले. ते असे. बचत खात्यात खातेदाराने स्वतः दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार केला नाही की ते खाते निष्क्रिय धरतात. बँकेने व्याज जमा केले म्हणून ते जागे होत नाही. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर रक्कम ‘ठेवीदार शिक्षण आणि जागृती निधी’ या रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ही व्यवस्था २०१४ पासूनची. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये पडून होते. पण पैसे जातात म्हणजे बुडत नाहीत. खातेदार किंवा वारस केव्हाही आपल्याच बँकेत मागू शकतो. बँकेने ते व्याजासह द्यायचे आणि मग निधीकडून स्वतः वसूल करायचे. ‘मिळायचे नाही’ हे साफ खोटे होते.

उद्गमवर वडिलांचे नाव टाकले तर काही निघेना. पासबुकात नाव एका स्पेलिंगचे, मतदार कार्डावर दुसऱ्या. आपल्या घरांतला हा नेहमीचाच रोग. शाळेच्या मास्तरांनी, गिरणीच्या बाबूने, रेशनच्या कारकुनाने जो तो आपापल्या परीने नाव लिहून गेला. चौथ्या खेपेला पासबुकातले स्पेलिंग टाकले तेव्हा खाते दिसले. मग मृत्यूचा दाखला, आईचे आधार, वारसांची संमती, आणि दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे प्रतिज्ञापत्र. वारस नेमलेला नव्हता. लहान रकमेसाठी कोर्टाचा वारस दाखला मागायचा नसतो, हे आम्ही लेखी अर्जात लिहिले आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर लोकपालाकडे तक्रार करू, असेही लिहिले. पोच घेतल्यावर मात्र काउंटरवरचा सूर बदलला. २०२४ मध्ये आईच्या खात्यात अठरा हजारांच्या वर रक्कम जमा झाली.

तुमचे स्वतःचे खाते झोपले असेल तर फार सोपे आहे. आधार, फोटो घेऊन कोणत्याही शाखेत जावे. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे ते जागे करायला पैसे घेता येत नाहीत, किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही, आणि पुरे कागद दिल्यावर तीन कामाच्या दिवसांत काम व्हायला हवे. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा सरकारी योजनेसाठी उघडलेली खाती तर दोन वर्षे व्यवहार नाही एवढ्याच कारणाने निष्क्रिय ठरवायची नाहीत, असा नियम आहे. शाखेत कोणी नाही म्हणाले तर लेखी मागा. पोस्टातही सलग तीन आर्थिक वर्षे काही भरले-काढले नाही तर खाते मुके होते, तेही अर्ज देऊन उठवता येते. आमच्या वस्तीतल्या बायकांची भिशी कधी झोपत नाही. महिन्याची पाच तारीख उलटली की त्या दार वाजवतात. बँक दार वाजवत नाही.

आईने त्या पैशातून कानातले केले नाही. पासबुकावर नाव कोणाचे लावले आहेस, एवढेच तिने आम्हाला विचारले. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, हे आम्ही तिला ऐटीत सांगितले. ती म्हणाली, "माझं नाही, तुझं विचारते."

रात्री आम्ही आमचे स्वतःचे जुने पासबुक काढले. पहिल्या नोकरीच्या वेळचे ते खाते, तीन वर्षे हात न लावलेले. वारसाच्या जागी वडिलांचे नाव होते. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.