लग्न न करता दोघांनी मिळून फ्लॅट घेताय? नाशिकमध्ये मुद्रांक शुल्क किती आणि पुढे अडचण कुठे?

नाशिक : इंदिरानगर असो की पाथर्डी फाटा, फ्लॅटचा हिशेब आता दोन पगारांवर मांडला जातो. पण हे दोघे नवरा-बायको नसतील तर कर जास्त लागतो का? खरेदीच्या दिवशी नाही. फरक पडतो तो नंतर, आणि तो लाखांत जाऊ शकतो.

खरेदीवेळी किती पैसे?

नाशिक महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 5 टक्के आणि स्थानिक अधिभार 1 टक्का, म्हणजे एकूण 6 टक्के. करारातील किंमत आणि रेडी रेकनरचा दर यांत जी रक्कम जास्त, तिच्यावर ही आकारणी होते. नोंदणी शुल्क 1 टक्का, कमाल 30 हजार रुपये. 50 लाखांच्या फ्लॅटला 3 लाख 30 हजार रुपये. दुय्यम निबंधक कार्यालयात विवाह प्रमाणपत्रावर हा दर ठरत नाही.

महिलांची सूट कुणाला?

1 एप्रिल 2021 पासून महिला खरेदीदाराला घरासाठी 1 टक्का सवलत आहे. मात्र दस्तात फक्त महिलांचीच नावे हवीत. मायलेकी किंवा दोन मैत्रिणींना ती मिळते. पुरुषाचे नाव आले, अगदी नवऱ्याचेही, की जाते. 50 लाखांवर ही बचत 50 हजारांची.

मग फ्लॅट तिच्याच नावावर घ्यावा?

इथेच घोळ होतो. समजा, त्याने 20 लाख दिले आणि नाव फक्त तिचे लागले. नवऱ्याने बायकोला दिलेली भेट करमुक्त असते. लग्न न झालेला जोडीदार आयकर कायद्यात ‘नातेवाईक’ नाही. त्याच्याकडून वर्षात 50 हजारांहून जास्त भेट मिळाली, तर पूर्ण रक्कम तिच्या उत्पन्नात धरली जाते. ती 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर 20 लाखांवर 6 लाख कर, उपकर वेगळा. शिवाय पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचे, या व्यवहाराला बेनामी कायद्यात पती-पत्नीसाठी सूट आहे, जोडीदारासाठी नाही.

पहिल्या घराची सवलत मिळते?

राज्याच्या मुद्रांक शुल्कात सर्वसाधारण खरेदीला ‘पहिले घर’ म्हणून वेगळी सूट नाही. आयकरातील दीड लाखांची जादा वजावट 31 मार्च 2022 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. पंतप्रधान आवास योजना (शहरी) 2.0 मध्ये 9 लाखांपर्यंत उत्पन्न आणि 35 लाखांपर्यंतचे घर असल्यास 1.80 लाखांपर्यंत व्याज अनुदान मिळते. पण तिथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. जोडीदार त्यात बसत नाही. इंग्लंडमध्ये लग्नाची अट नाही. संयुक्त खरेदीत दोघांचेही ते पहिलेच घर असावे लागते.

वेगळे झाले तर?

राहत्या घराचा हिस्सा पती-पत्नीने एकमेकांना बक्षीसपत्राने दिला तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. जोडीदाराच्या बाबतीत मात्र हिश्शाच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतकाच दर. 25 लाखांच्या अर्ध्या हिश्शाला 6 टक्क्यांनी दीड लाख.

एकाचा मृत्यू झाला तर?

मृत्युपत्र नसेल तर हिस्सा कायदेशीर वारसांकडे जातो. अविवाहित हिंदू पुरुषाच्या बाबतीत पहिला हक्क आईचा. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असले तरी मालकी मिळत नाही.

सही करण्याआधी

- दोघांचे पैसे असतील तर दोघांची नावे लावा आणि हिस्सा टक्क्यांत दस्तातच लिहा.
- पैसे बँकेतूनच द्या. ते उसने असतील तर लेखी करार करा.
- गृहकर्जात सहअर्जदार कोण चालतो, हे बुकिंगआधी बँकेकडून विचारून घ्या.
- दोघांनीही मृत्युपत्र करा. त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास उपयोगी पडते.