सत्राअखेरचा निरोप

मराठी भाषेंत ‘निरोप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कोणाकडे धाडलेला संदेश तो निरोप, आणि जातांना घेतलेली रजा तोहि निरोपच. प्राथमिक शाळेच्या पहिल्या सत्राच्या अखेरीस हे दोन्ही निरोप एकाच दिवशीं घडतात. मुलें शाळेचा निरोप घेतात, आणि शाळा त्यांच्याच हातीं घरच्या मंडळींस एक कागदी निरोप धाडते. दिवाळीची सुटी केव्हां लागणार, शाळा पुन्हां केव्हां उघडणार, वाचनालयाचें पुस्तक परत करावें, राहिलेली फी भरावी, प्रगतिपुस्तकावर सही करून आणावी, नाताळाच्या कार्यक्रमाची तयारी सुरू होणार, अशा आठ-दहा ओळींचा तो कागद असतो. त्याची योग्यता फारशी कोणी मानीत नाहीं. शाळेंत तो घाईनें लिहिला जातो, वाटेंत मुलें त्याची होडी करितात, आणि घरीं पोंचलाच तर फडताळावर पडून राहतो. आमचें म्हणणें असें कीं, शाळा व घर यांच्यामधील अर्ध्या वर्षाचा व्यवहार ज्या एका पत्रांत सांठविलेला असतो, त्याची अशी उपेक्षा होणें मुलांच्या हिताचें नाहीं. आणि ही उपेक्षा ज्या मुलाला सर्वांत महाग पडते, तें मूल बहुधा आपल्या नजरेसमोरहि नसतें.

शाळेनें घराला आणि घरानें शाळेला कांहीं सांगावें, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं अहमदनगरास आपलें ठाणें केलें. मिस सिंथिया फॅरार १८३९ पासून तेथें मुलींच्या शिक्षणाचें काम करीत होत्या, व त्यांच्या शाळा पाहूनच जोतीराव फुले यांच्या मनांत पुण्यास १८४८ सालीं मुलींची शाळा काढण्याचें आलें. त्या काळीं मिशनच्या शाळांतून वार्षिक परीक्षा चारचौघांसमोर तोंडी घेण्याची चाल होती. मुलें उभीं राहून धडा वाचीत, हिशेब सांगत. ज्या बापाला अक्षरओळख नसे, त्यालाहि आपलें मूल काय शिकलें तें कानांनीं कळत असे. ती चाल गेली. पण तिच्यांतील तत्त्व टाकण्याजोगें नव्हतें. मुलाची वार्ता घराला मुलाच्याच तोंडून कळावी, हें तें तत्त्व होय.

आज निरोप धाडण्याचें साधन पालटलें आहे. पुष्कळ शाळांतून कागदाऐवजीं मोबाईलवर संदेश येतो. तो क्षणांत पोंचतो, हरवत नाहीं, आणि पावसांत भिजतहि नाहीं. हे लाभ आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्याबरोबर कांहीं गोष्टी हातच्या गेल्या आहेत, त्यांचाहि विचार व्हावा. पूर्वीं निरोप्या मूल होतें. आतां निरोप मुलाच्या डोक्यावरून जातो, आणि आपल्याविषयीं काय लिहिलें आहे हें त्या बिचाऱ्यालाच शेवटीं कळतें. दुसरें असें कीं, मोबाईल बहुधा बापाच्या खिशांत असतो व बाप कामावर असतो. मुलाला उठविणारी, जेवूं घालणारी व शाळेची वाट धरविणारी आई किंवा आजी असते, तिच्यापर्यंत संदेश पोंचतच नाहीं. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. जी बाब दोघांत राहावी ती चाळीस घरांसमोर उघडी पडते. ज्यांची फी राहिली त्यांचीं नांवें वर्गाच्या समूहावर टाकणें हें कोणत्याहि शाळेस शोभत नाहीं. ऋण बापाचें असेल. लाज मात्र सात वर्षांच्या पोराला वाटते.

यासाठीं आमची पहिली सूचना शाळांनाच आहे. मोबाईलवर संदेश अवश्य धाडावा, पण सत्राअखेरीस एक कागद मुलाच्या हातीं द्यावाच. तो सोप्या मराठींत असावा. ‘पालकांनीं याची नोंद घ्यावी’, ‘विलंब झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाहीं’, असल्या कचेरीच्या भाषेनें मन दूर जातें. वार्ता आधीं सांगावी, मागणी मागून करावी. मुलें या सत्रांत काय शिकलीं, कोणतीं झाडें लावलीं, कोणता खेळ खेळलीं, हें चार ओळींत लिहावें. मग पुस्तकें परत मागावीं. प्रत्येक मागणीपुढें तिचें कारण द्यावें. आणि तो कागद शेवटच्या तासाला वर्गांतच मुलांकडून मोठ्यानें वाचून घ्यावा, म्हणजे घरीं गेल्यावर आजीपुढें तो वाचतांना जीभ अडखळणार नाहीं.

दुसरी सूचना घरांना. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते पांचवीसाठीं वर्षाचे किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापनाचे ठरविले आहेत. वर्षाचे एकंदर तास ८,७६०. म्हणजे शाळेच्या वांट्याला त्यांचा दहावा हिस्साहि येत नाहीं. एवढ्या थोड्या वेळांत जें पेरलें जातें, तें उरलेल्या वेळांत घरानें जोपासावयाचें असतें. म्हणून प्रगतिपुस्तक घरीं आलें म्हणजे त्यावर सही किंवा अंगठा उमटवून तें दप्तरांत टाकूं नये. आपल्या राज्यांत २०१० सालीं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली व तिजबरोबर गुणांच्या जागीं श्रेणी आल्या. ९१ पासून पुढें अ-१, ८१ पासून ९० पर्यंत अ-२, असा तो क्रम. पालकांची दृष्टि या अक्षरांवरच खिळते व ‘शेजारच्याला अ-१, मग तुला ब-१ कां?’ असा प्रश्न निघतो. वास्तविक त्या पद्धतीचा प्राण शिक्षकाच्या वर्णनात्मक नोंदींत आहे. ‘गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते’, ‘वजाबाकींत हातचा विसरतो’, या एका ओळींत जें आहे तें श्रेणींत नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तर मुलानें स्वतःचें मूल्यमापन स्वतः करण्यासहि प्रगतिपुस्तकांत जागा सांगितली आहे. ती जागा घरींहि द्यावी. मुलाला जवळ बसवून विचारावें, “या सत्रांत तुला काय आवडलें? काय कठीण गेलें?” एवढे दोन प्रश्न पुरे. त्यांचें उत्तर दोन ओळींत लिहून शाळेला धाडावें. शाळेचा निरोप आला, त्याला घराचें उत्तर गेलें, म्हणजेच संवाद झाला.

ख्रिस्ती शाळेच्या निरोपांत एक विशेष ओळ असते, ती नाताळाच्या कार्यक्रमाची. येशूजन्माचें नाट्य बसवितात, गीतें शिकवितात, आणि वर्गांत हिंदु, मुसलमान, बौद्ध, जैन, ख्रिस्ती अशा सर्व घरांचीं मुलें असतात. या ठिकाणीं शाळेनें दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्या. एक ही कीं, भाग घेणें हें खुषीचें आहे. भारतीय राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदांत असें आहे कीं, सरकारमान्य अथवा सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळेंत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसण्याची सक्ति कोणावर करतां येत नाहीं. मूल अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची संमति लागते. ज्या शाळेला आपल्या श्रद्धेविषयीं आदर आहे, तिला ही अट जाचक वाटण्याचें कारण नाहीं; मोकळ्या मनानें दिलेलें तेवढेंच खरें दान. दुसरी गोष्ट खर्चाची. देवदूताला आईचें पांढरें लुगडें किंवा ओढणी पुरते आणि मेंढपाळाला आजोबांची घोंगडी. भाड्याचा झगमगीत पोषाख आणण्याची ओळ निरोपांत आली कीं, ज्याच्या घरीं ते पैसे नाहींत तें मूल ‘मला नाटकांत काम करावयाचें नाहीं’ असें सांगून मोकळें होतें, आणि खरें कारण कोणाला कळत नाहीं. ज्याचा जन्म गोठ्यांत झाला त्याच्या सणाला पैशाअभावीं एकहि मूल बाहेर राहूं नये.

सुटींतील दक्षतेविषयीं थोडक्यांत सांगतों. गांवीं गेलेलीं शहरचीं मुलें विहिरी व शेततळीं पाहून हुरळतात. पोहतां येणारें वडील माणूस बरोबर असल्यावांचून त्यांना पाण्याजवळ जाऊं देऊं नये. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाहीं, हें विशेष लक्षांत ठेवावें. फटाक्यानें भाजल्यास जखमेवर वीस मिनिटें साधें थंड पाणी सोडावें; बर्फ, शाई किंवा दंतमंजन लावूं नये, व दवाखाना गांठावा.

आतां ज्या मुलाचा आरंभीं उल्लेख केला, त्याच्याकडे वळतों. अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, एकाच वेळीं दोन प्रकारचा आहे. त्याच्या पश्चिमेच्या व उत्तरेच्या तालुक्यांत प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावर ऊंस उभा आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें निघालेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यांतला. उलट पूर्वेकडील पाथर्डी, शेवगांव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून व शेजारच्या बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं हजारों कुटुंबें ऊंसतोडीसाठीं घर सोडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. दिवाळीच्या सुमारास गाळपाचा हंगाम उभा राहतो आणि पांच-सहा महिने चालतो. म्हणजे जो दिवस इतर मुलांना सुटीचा, तो या मुलांना शाळा सुटण्याचा दिवस ठरतो. त्यांच्या हातांतील कागदावर शाळा उघडण्याची तारीख लिहिलेली असते खरी. त्या तारखेला तीं उंसाच्या फडांत, कोपीच्या दाराशीं, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन उभीं असतात. निरोपाचे दोन्ही अर्थ त्यांच्या बाबतींत एक होतात.

हें थांबविणें एका शाळेच्या हातचें नाहीं, पण निरोपाच्या कागदावर चार ओळी वाढविणें हातचें आहे. त्या ओळी अशा असाव्या. गांव सोडण्यापूर्वीं गुरुजींना वा बाईंना भेटून जावें. आजी-आजोबा घरीं राहणार असतील तर मूल त्यांच्याजवळ ठेवावें. अशा मुलांसाठीं सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तिची चौकशी करावी. मूल बरोबर न्यावयाचेंच असेल तर शिक्षण हमी कार्ड व शाळेचे कागद घेऊन जावे, व फडाजवळच्या शाळेंत त्याचें नांव घालावें. शिक्षणहक्क कायद्याच्या पांचव्या कलमानें मुलाला अशा बदलीचा हक्क सरकारी व अनुदानित शाळांपुरता दिलेला आहे, व दाखला येण्यास उशीर झाला एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारतां येत नाहीं. आई-बापांस हें ठाऊक नसतें. तें त्यांना सांगणें हें निरोपाचेंच काम नव्हे काय? आणि शेवटची ओळ अशी असावी: ‘तुम्ही केव्हांहि परत आलांत तरी वर्गांत तुमच्या मुलाची जागा आहे.’ ही ओळ ज्या मुलानें एकदां वाचली, तें मार्च-एप्रिलमध्यें गाडी गांवाला लागतांच शाळेकडे येण्यास कचरणार नाहीं. मूल शाळेंतून कायमचें जातें त्याला दारिद्र्याइतकीच ही भीतिहि कारण होते कीं, आतां आपल्याला तेथें कोणी ओळखणार नाहीं, आपण मागें पडलों.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हीं वरच्या वर्गांत गेलेल्यांनीं यांत करण्याजोगें पुष्कळ आहे. तुमच्या आळींतील एखाद्या आईला शाळेचा कागद वाचतां येत नसेल, तर तो तिला वाचून दाखवा. नुसता मजकूर सांगूं नका, सावकाश वाचा आणि तिचें उत्तर तिच्या शब्दांत लिहून द्या. तुमच्या धाकट्या भावंडाच्या वर्गांतलें कोणी उंसाला जाणार असेल, तर त्याच्या गुरुजींच्या कानावर घाला. तुमचीं जुनीं वाचनाचीं पुस्तकें त्याच्या गांठोड्यांत जाऊं द्या.

शंभर मेंढरांपैकीं एक हरवलें म्हणून नव्याण्णव सोडून त्याच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत आपल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या सांगितला गेला आहे. दिवाळीनंतर शाळा उघडेल त्या दिवशीं हजेरीपट घेतांना आलेल्यांची संख्या मोजून आपण समाधान मानूं नये. जें आलें नाहीं त्याचें नांव घ्यावें, तें कोठें आहे हें विचारावें, आणि त्याच्याकडे दुसरा निरोप धाडावा.