दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ?

आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘द्वयाधिकार’ नावाचे एक प्रकरण आहे. विकणारे दोघेच असले तर भाव कसे ठरतात, याची त्यात वक्ररेषांसह चर्चा आहे. आमच्या घरात माझ्यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही. तरी दोघांच्या बाजाराचे ज्ञान वडिलांना फार आधीपासून आहे. कांद्याच्या लिलावात बोली लावणारे दोघेच दिसले की ते म्हणतात, ‘‘आज भाव नाही.’’ एक बोलतो, दुसरा पाच-दहा रुपये चढवतो आणि थांबतो.

हे आठवले ते माझ्या खोलीतील मित्रामुळे. तो संगणकावर ॲनिमेशन शिकतो आणि ग्राफिक्स कार्डासाठी वर्षभर पैसे साठवतो आहे. या कार्डांच्या बाजारात मुख्यतः दोनच नावे आहेत, एनव्हिडिया आणि एएमडी. दोघे भांडले तर गिऱ्हाइकाची चैन व्हावी. एकदा तशी झालीही. जून २००८ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स २८० हे कार्ड ६४९ डॉलरला आणि त्याचे धाकटे भावंड २६० हे ३९९ डॉलरला आणले. त्याच महिन्यात एएमडीचे रेडिऑन ४८७० अवघ्या २९९ डॉलरला आले आणि २६० च्या तोडीस तोड निघाले. काही आठवड्यांतच २८० ची किंमत ४९९ वर, तर २६० ची २९९ वर उतरली!

आता २०२२ पाहा. नोव्हेंबरात एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०८० आले, ११९९ डॉलरला. डिसेंबरात एएमडीने आपले कार्ड ९९९ ला आणले. एनव्हिडियाने त्याच ९९९ ला ४०८० सुपर आणले ते जानेवारी २०२४ मध्ये. पूर्वी जे आठवड्यांत घडले त्याला तेरा महिने लागले.

माझ्या मते यात आपण गिऱ्हाइकेही निर्दोष नाही. एएमडीने भाव पाडावेत अशी माझ्या मित्राची फार इच्छा आहे. कशासाठी, तर एनव्हिडियाचे कार्ड स्वस्तात मिळावे म्हणून! मग दुसऱ्याने भांडावे तरी कोणाच्या जिवावर? इंटेल हा तिसरा गडी डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरचे कार्ड घेऊन आला, त्याकडे तर त्याने पाहिलेही नाही.

मी असे म्हटल्यावर तो चिडला. तो शिकतो ते सॉफ्टवेअर ‘क्यूडा’वर चालते आणि क्यूडा ही २००७ पासून एनव्हिडियाची मालमत्ता. दुसरे कार्ड घेतले तर शिकलेले अर्धे वाया जाईल, असे तो म्हणतो. मला उत्तर सुचले नाही. तालुक्याच्या पलीकडे दुसरा कांदा-बाजार आहे, हे वडिलांनाही ठाऊक होते. टेम्पोचे भाडे तेवढे परवडत नव्हते.