'एथ्निक' नावाची अडगळीची खोली

प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक 'युटिल्स' नावाचं फोल्डर असतं. ज्या कोडचं काय करायचं ते कुणालाच ठरवता येत नाही, तो तिथे जाऊन पडतो. दोन वर्षांनी बघावं तर तारखांचं फॉरमॅटिंग, ईमेलची तपासणी आणि कधीच न चालणारी चार फंक्शन्स तिथे गुण्यागोविंदाने नांदत असतात.

संगीताच्या सॉफ्टवेअरमध्येही असं एक फोल्डर आहे. नाव 'एथ्निक'. किंवा जरा सभ्य भाषेत, 'वर्ल्ड'.

याचं मूळ बघायचं तर जनरल मिडीची यादी उघडा. एकच मिडी फाइल कुठल्याही किबोर्डवर साधारण सारखी वाजावी म्हणून १९९१ साली हे स्टँडर्ड आलं. १२८ आवाज, ८-८ चे १६ गट. १२८ च का? आवाज निवडायच्या मेसेजमध्ये ७ बिट्स, म्हणून. इथपर्यंत ठीक. पियानो, ऑर्गन, गिटार, ब्रास, रीड... आणि १०५ ते ११२ या जागांवर एथ्निक. रहिवासी आठ: सतार, बँजो, शामिसेन, कोतो, कलिंबा, बॅगपाइप, फिडल आणि सनई.

आता सांगा, या आठांत समान काय? चार तारा छेडून वाजतात, एक गजाने, एकाच्या पट्ट्या अंगठ्याने छेडायच्या, दोघांत हवा फुंकायची. समान एवढंच, की ही सगळी 'इतर'!

गंमत पुढेच आहे. व्हायोलिन ४१ नंबरवर, स्ट्रिंग्जमध्ये. फिडल १११ वर, एथ्निकमध्ये. अहो, वाद्य तेच आहे! वाजवणारा कोण यावरून पत्ता बदलला. ओबो रीडमध्ये, पण रीडवरच वाजणारी सनई एथ्निकमध्ये. आणि तबला? मूळ यादीत नाहीच. ड्रम चॅनलवर बोंगो, कोंगा, मराकस आहेत. १२६ नंबरला हेलिकॉप्टर आहे, १२८ ला बंदुकीचा बार आहे. तबल्याला जागा नाही.

कोणी म्हणेल, "अरे बाबा, नावात काय आहे? आवाज मिळाल्याशी मतलब." चूक. साफ चूक. फोल्डर म्हणजे नुसतं नाव नव्हे, ती डिफॉल्ट व्हॅल्यू आहे. रात्री दीड वाजता गाण्याला खालचा ठेका हवा असतो तेव्हा माणूस 'ड्रम्स' उघडतो. ढोल तिथे नसतो, म्हणून तो सुचतच नाही. 'वर्ल्ड' उघडलं जातं ते फक्त 'इंडियन टच' हवा असेल तेव्हा. मग सतारीच्या वाट्याला काम येतं कोथिंबिरीचं. भाजी दुसऱ्याची, वरून भुरभुरायला आपण. आणि पुण्यात बसून लावणीचा ठेका रचणाऱ्या पोरालाही स्वतःची ढोलकी 'वर्ल्ड' मध्येच शोधावी लागते.

१९९१ च्या मंडळींना मी दोष देत नाही. मेमरी कमी होती, १२८ मध्ये जग बसवायचं होतं. पण आज लायब्ररी गिगाबाइट्समध्ये मोजतात. लिमिट गेली, लेगसी तेवढी राहिली.

खरा दोष निकषांच्या खिचडीचा आहे. काही गट वाद्य कसं वाजतं यावर, काही गाण्यातल्या कामावर (बेस, लीड), आणि एक चक्क नकाशावर. नाट्यशास्त्रात वाद्यांचे चारच गट आहेत: तत, सुषिर, अवनद्ध, घन. म्हणजे तार, हवा, चामडं आणि ठोस वस्तू. १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी मांडलेले मुख्य गटही हेच चार. हे मी छाती फुगवायला सांगत नाहीये. मुद्दा एवढाच, की निकष एक धरला तर सनई आणि ओबो आपोआप शेजारी येतात.

दुसरा मुद्दा: फाइल एकाच फोल्डरमध्ये बसते, टॅग मात्र हवे तेवढे लावता येतात. एबलटन लाइव्हच्या २०२४ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीत तर स्वतःचे टॅगही बनवता येतात. मग ढोलकीला 'चामडं' लावा, 'ठेका' लावा आणि हवं तर 'महाराष्ट्र' पण लावा. प्रदेश हा टॅग असू दे. तुरुंग नको.

लायब्ररी बनवणारे कधी सुधारतील तेव्हा सुधारतील. रविवार तुमचा आहे, हार्ड डिस्क तुमची आहे. ढोल आधी 'ड्रम्स' मध्ये आणा. :)