पाचशेचे चारशे पासष्ट कसे झाले?

मार्च २०१३ मध्ये लखनौच्या कॉल्व्हिन तालुकेदार कॉलेजात बारावी उत्तीर्ण मुलामुलींना राज्य सरकारने लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या मुलीलाही पुढे तो मिळाला. हार्ड डिस्क ५०० जीबीची. पण विंडोजच्या हिशेबाने ती जेमतेम ४६५. "सरकारी वस्तू! मधल्यामध्ये कुणीतरी हात मारला," हा काकांचा निष्कर्ष.

कुणीही हात मारलेला नव्हता. डिस्क बनवणारी कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज १०२४च्या पटीत मोजते, म्हणून तिचा जीबी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटांचा. माप मोठे, म्हणून आकडा लहान. अमेरिकेत याच फरकावरून वेस्टर्न डिजिटल कंपनीवर खटला भरला गेला आणि २००६ मध्ये तडजोड झाली. ॲपलने २००९ पासून आपल्या संगणकांत हजाराचा हिशेब स्वीकारला. विंडोज मात्र जुन्या मापाला चिकटून आहे.

मुलगी नोकरीनिमित्त बाहेरगावी गेली, लॅपटॉप काकांकडे राहिला. परवा सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली तेव्हा त्यांनी मला बोलावले. सगळे फोल्डर निवडून बेरीज केली, तरी ती भरलेल्या जागेपेक्षा बरीच कमी!

वाचकहो, इथे बरेच जण चकतात. विंडोजच्या काही फायली लपवलेल्या असतात, त्या अशा बेरजेत येत नाहीत. 'पेजफाइल' ही मेमरी अपुरी पडली तर वापरायची जागा. 'हायबरफिल' मध्ये हायबरनेट करताना मेमरीतला मजकूर उतरवला जातो; विंडोज ७ त्यासाठी मेमरीच्या पाऊणपट जागा आधीच अडवून ठेवते, म्हणजे २ जीबीला दीड जीबी. शिवाय जुन्या स्थितीत परतण्यासाठी जपलेले रिस्टोअर पॉइंट असतात, ते वेगळेच.

उलटा प्रकारही असतो. छोट्या फायलीला डिस्कवर सहसा ४ केबीचा पूर्ण खण मिळतो. दोन केबीच्या चिठ्ठीलाही तेवढाच. म्हणून 'आकार' आणि 'डिस्कवरील आकार' असे दोन आकडे दिसतात.

पण खरा धोका 'विनएसएक्सएस' नावाच्या फोल्डरचा होता. काकांच्या भाच्याला तो अवाढव्य दिसला. वास्तविक त्यातल्या पुष्कळ फायली एकदाच साठवलेल्या असतात आणि दोन ठिकाणी नुसत्या नोंदलेल्या. एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो. पुसायला परवानगी मिळेना, म्हणून भाचा परवानगीच बदलायला निघाला होता! तसे झाले असते तर विंडोज कायमचे बसले असते. काकांच्या आईचे अखेरच्या वर्षातले फोटो त्याच लॅपटॉपमध्ये होते, त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मी आधी ते फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. मग 'डिस्क क्लीनअप' चालवून तात्पुरत्या फायली आणि शेवटचा सोडून बाकीचे रिस्टोअर पॉइंट काढले. लाल पट्टी निळी झाली. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली आहे, तेव्हा इंटरनेट जोडू नका, एवढे बजावून मी उठलो.

"ते ठीक," काका दारापर्यंत सोडायला आले, "पण पस्तीस जीबी गेले ते गेलेच ना?"