माती कोणी विकली?

"पोरानं माती विकली." आमच्याकडं सध्या हे वाक्य फार चालतंय. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, एसटीची वाट बघत थांबलेल्या माणसांत. मी साठी ओलांडलेला भातशेतकरी, शाळा दहावीपर्यंत, त्यामुळं माझ्यासमोर लोक मोकळेपणानं बोलतात. म्हणून कोण काय बोलतं ते मला नीट ठाऊक आहे.

आमच्या भावकीतला एक पोरगा आहे, बावीस वर्षांचा. नाव लिहीत नाही, त्याला आधीच पुष्कळ लोकांनी टाकून बोललंय. मुरबाड-शहापूरच्या जत्रांतून गेली पाच-सहा वर्षं तो कुस्त्या मारतोय. त्याचा दुहेरी पट बघायला माणसं झाडावर चढून बसतात. मागच्या वर्षापासून तो मुंबईला जाऊन मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकतो. पोरं त्याला एमएमए म्हणतात, आमची म्हातारी माणसं "पिंजऱ्यातली मारामारी" म्हणतात. गावच्या मंडळींनी बैठक घेतली आणि ठरवलं, की त्याला यंदा फडात बोलवायचं नाही. मग मला सांगायला आले, "आप्पा, तुमी थोडंफार लिवता, तुमचं तो ऐकल. जरा समजवा त्याला."

मी त्याला काही समजावणार नाही. समजवायचं आहे ते या मंडळींनाच, आणि शहरात बसून लाल मातीच्या नावानं गहिवरणाऱ्या वाचकांनाही. पोरावर आरोप तीन आहेत. एकेक घेतो.

पहिला आरोप, तो पैशासाठी लढतो.

मग कुस्ती कशासाठी होत होती, सांगा. जत्रेच्या फडात लहान पोरांची कुस्ती नारळावर, रेवड्यांवर लागते. पोरगा मोठा झाला की शंभर, पाचशे, हजार. शेवटच्या कुस्तीची रक्कम भोंग्यावरून ओरडून सांगतात, तिच्यावर आणखी कोणी हौशी माणूस पदरचे घालतो, आणि त्याचं नाव पैलवानाच्या नावाआधी पुकारलं जातं. पैसा कुस्तीच्या पोटातच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमींना आश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं, तेव्हा कुठं तिथली कुस्ती बहरली. पैलवानाच्या खुराकाला राजाश्रय लागायचा, कारण दूध, तूप, बदाम हवेतून येत नाहीत. राजे गेले, आणि खुराकाचं ओझं बापाच्या डोक्यावर आलं. दोन एकर भाताच्या खाचरावर घर चालवणारा बाप पोराला बदाम कुठून घालणार? तो म्हैस पाळतो आणि दूध डेअरीला घालायच्या ऐवजी पोराला पाजतो. घरातली बाकीची पोरं कोरा चहा पितात.

आणि नूरा कुस्ती हा शब्द काय इंग्रजांनी आणला? आधी ठरवून लढायचं, बरोबरीत सोडवायची, रक्कम वाटून घ्यायची, हे मी लहानपणापासून बघत आलोय. जो फड हे पचवतो, त्यानं पैशाच्या नावानं नाक मुरडू नये.

पैसा नको, नुसता मान हवा, असं म्हणणाऱ्यांनी खाशाबा जाधवांचं आयुष्य आठवावं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. तिथं जायला पैसे नव्हते. लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली, आणि पुढं पोलिसात नोकरी करून त्यांनी दिवस काढले. १९८४ साली ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. मान हा असा मिळतो आमच्याकडं. हे ज्याला माहीत आहे, असा बाप आपल्या पोराला कोणत्या तोंडानं सांगेल की पैशाकडं बघू नको?

दुसरा आरोप, हा खेळ रानटी आहे.

यात तथ्य आहे, ते मी झाकत नाही. पडलेल्या माणसाच्या तोंडावर बुक्क्या मारताना मी मोबाईलवर बघितलंय, आणि मला ते बघवलं नाही. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की संपलं. जिंकलेला हरलेल्याला उठवतो, दोघं गळ्यात पडतात, वस्तादाच्या पाया पडतात. ते सुंदर आहे. डोक्याला सारखा मार लागणं वाईटच, त्याचा हिशेब म्हातारपणी भरावा लागतो.

पण रानटीपणा मोजायचाच तर दोन्हीकडचा मोजा. पिंजऱ्यातली साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. मोठ्या स्पर्धांत डॉक्टर बाजूला बसलेला असतो. सहन होत नसेल तर हातानं थाप मारायची, पंच लगेच सोडवतो. कोणी शुद्धीत नाही असं दिसलं तर पंच स्वतः मध्ये पडतो. आता आमच्या जत्रेतल्या फडाकडं या. डॉक्टर कधी बघितलाय? रुग्णवाहिका? माझ्याच वयाचा एक गडी होता, घिश्शात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. एका जत्रेत मानेवर पडला. त्याला जीपच्या मागच्या बाकावर आडवा टाकून नेला. मान धरायला कोणी नव्हतं, मी पाय धरले होते. जगला, पण उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही पुन्हा. ज्यांनी जत्रा भरवली होती त्यांनी एक नारळ आणि शाल पाठवली. भिवंडीच्या गोदामावर रखवालदारी करत त्याचं आयुष्य गेलं. आज "रानटी, रानटी" म्हणणाऱ्यांपैकी दोघं त्या दिवशी फडाच्या कडेला पुढच्या जोडीसाठी शिट्ट्या मारत होते.

वजन उतरवण्यासाठी पोरं पाणी तोडतात, घाम काढतात, हे कुस्तीतही आहेच. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट शंभर ग्रॅमनं बाद झाली तेव्हा ते साऱ्या देशानं बघितलं. शरीराचे हाल सगळीकडं आहेत. फरक एवढाच, की एकीकडं हालाचा करार कागदावर होतो, दुसरीकडं त्याला परंपरा म्हणतात.

तिसरा आरोप, ही कुस्तीशी गद्दारी आहे.

विनेशचीच चुलतबहीण रितू फोगाट. हरयाणातल्या बलाली गावची, महावीर फोगाटांची मुलगी. ज्यांच्यावर निघालेला 'दंगल' सिनेमा आमच्या गावातल्या लोकांनी डोळे पुसत बघितला, तेच घर. या रितूनं २०१६ साली राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेत सुवर्ण घेतलं, २०१७ साली तेवीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत रौप्य. आणि २०१९ साली ती कुस्ती सोडून वन चॅम्पियनशिपमध्ये गेली. बीजिंगला पहिलीच लढत पहिल्या फेरीत जिंकली. तिनं गद्दारी केली? तिच्या अंगात होती ती बापानं शिकवलेली कुस्तीच होती. समोरच्या बाईला उचलून खाली टाकली ती काय टीव्ही बघून?

हेन्री सेहूदो हा अमेरिकेचा पैलवान, मेक्सिकोहून पोट भरायला आलेल्या गरीब आई-बापाचा पोरगा. २००८ साली बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचं सुवर्ण घेतलं आणि पुढं पिंजऱ्यात जाऊन दोन वजनांत विजेता झाला. कॅनडात जन्मलेला पंजाबी अर्जन भुल्लर, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल खेळांत कुस्तीचं सुवर्ण, २०२१ साली वन चॅम्पियनशिपचा हेवीवेट विजेता. तिथं गदा खांद्यावर घेऊन उभा राहिला होता तो गडी. गद्दार माणूस गदा मिरवतो का?

आणि कुस्तीच्या घरात तरी काय चाललंय? २०२३ सालच्या एकाच हंगामात महाराष्ट्रात दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले, एक धाराशिवला, एक फुलगावला, कारण वरच्या मंडळींचं आपसात पटेना. १९६१ पासून चालत आलेली गदा, तिचे दोन धनी एका महिन्यात. त्याच वर्षी देशाच्या नावाजलेल्या महिला कुस्तीगीर दिल्लीच्या रस्त्यावर न्याय मागत बसल्या होत्या. घराचं छप्पर गळतंय आणि तुम्ही बाहेर पडणाऱ्या पोराला म्हणता, उंबरठ्याचा मान राख!

आता पोराला सांगण्यासारखं खरंच काही असेल, तर ते वेगळं आहे, आणि ते सांगायला मंडळींना कुस्ती कळावी लागते.

आपल्याच मुंबईचा भरत खंडारे, कुस्तीतून पुढं गेलेला. २०१७ साली यूएफसीनं त्याच्याशी करार केला. जगातली या खेळातली सगळ्यात मोठी कंपनी, आणि इथून तिथं पोहोचलेला तो पहिला. नोव्हेंबरात शांघायला चीनच्या साँग यादाँगशी लढत झाली. पहिल्याच फेरीत मान आवळली गेली आणि हरला. पैलवानानं यातलं मर्म ओळखावं. पट काढायला आपण डोकं पुढं घालून आत शिरतो. मातीत ते चालतं, कारण तिथं गळा आवळायला बंदी आहे. पिंजऱ्यात तेच डोकं समोरच्याच्या काखेत सापडतं.

रितूचंही तसंच. २०२१ च्या डिसेंबरात ती मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीपर्यंत गेली. समोर थायलंडची स्टँप. तिनं रितूचा हात कोपरात उलटा ताणला आणि लढत संपली. आमच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या बसलंय की जो पाठीवर, तो हरला. तिथं पाठीवर पडलेला माणूस पायानं वेढा घालतो, हात पकडतो, गळा पकडतो. चीतपटीला आपली कुस्ती संपते, त्यांची तिथं सुरू होते. म्हणजे वीस वर्षं अंगात मुरवलेली सवय मोडायची आहे. हे पोराला सांगा. बुक्की चुकवायला शीक म्हणून सांगा. करार इंग्रजीत असतो, तो वकिलाकडून वाचून घे, सही घाईत करू नको, विमा कोण काढतं ते आधी विचार, म्हणून सांगा. यात यशस्वी होणारे थोडे आणि मोडून परतणारे पुष्कळ, हेही सांगा. पण सांगून झाल्यावर त्याची वाट अडवू नका.

राहिला मूळ प्रश्न. माती कोणी विकली?

आमच्या भागात माती विकणं ही नुसती बोलायची गोष्ट नाही. भाताच्या खाचराचा वरचा काळा थर, जो तयार व्हायला पिढ्या गेल्या, तो आम्ही ट्रॅक्टर भरभरून वीटभट्टीला दिला. माळरानं फार्महाऊसवाल्यांना दिली. ज्या जागेत आमची तालीम होती तिथं आज गाळे आहेत. एकात मोबाईलचं दुकान, एकात चायनीजची गाडी. तालमीतली माती, ज्यात ताक, तेल, हळद मुरलेली होती, ती गाळ्यांच्या पायात भरणी म्हणून गेली. ठराव एकमतानं झाला होता. हात वर करणाऱ्यांत आज पोराला फडाबाहेर ठेवणारेही होते. त्या पोरानं पुढं सराव केला तो स्वतःच्या खळ्यावर, चार पोती लाल माती विकत आणून. सांगा आता, या गोष्टीत माती विकणारा कोण आणि विकत घेणारा कोण?

मंडळींनी उद्या सांगावं, की तालमीला जागा देतो, फडाच्या कडेला डॉक्टर बसवतो, उतरणाऱ्या प्रत्येक पोराचा विमा जत्रेच्या वर्गणीतून काढतो, आणि चार होतकरू पोरांच्या दुधाचे पैसे वर्षभर देतो. ऑर्केस्ट्र्याला आणि फटाक्यांना जेवढे जातात त्यातूनही हे भागेल. एवढं केलंत, तर मी स्वतः त्या पोराकडं जाईन आणि म्हणेन, बाबा, थांब, गावाला तुझी गरज आहे. तोवर त्यानं कुठं लढायचं हे त्याचं त्यानं ठरवावं. आणि यंदाच्या जत्रेत त्याला फडात यायला बंदी असेल, तर माझ्या घरची वर्गणीही कोणी मागायला येऊ नये.